पॅसेंजरवर चालणारी प्रशाला

काळीमाती

आमचं गाव जालना-परभणी लाइनवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत आणि उद्या मला त्याच हॉटेलात चहा प्यायचाय.

गाव रुळाच्या अलीकडं, शाळा पलीकडं गायरानात. मधी ठेसन. शाळा म्हणजे जिल्हा परिषद प्रशाला, पाचवी ते दहावी. मराठवाड्याबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं हायस्कूलला प्रशाला म्हणतात आणि ती पुष्कळ ठिकाणी संस्थेची नसते, जिल्हा परिषदेची असते. निजामाच्या राज्यातली सरकारी हायस्कुलं पुढं फिरून जिल्हा परिषदांकडं आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. तिकडं हायस्कूल म्हटलं की कुठल्या तरी अण्णांची, नाही तर दादांची संस्था.

मागच्या सोमवारी लूपवर, म्हणजे ठेसनातल्या बाजूच्या रुळावर, मालगाडी येऊन थांबली. पावणेदहाला थांबली ती साडेदहा झाले तरी हलेना. फाटक ठेसनापासून लांब, चालत गेलं तर पोरांना पंचवीस मिनिटं जास्त. मग काय, दप्तर आधी सरकवायचं, मागून आपण. डब्यांच्या खालून तीस-चाळीस लेकरं गेली. त्यात माझी आठवीतली लेक. मी अलीकडं मोटारसायकल धरून उभा, आणि ओरडलो तर ती घाबरून मधीच थांबंल म्हणून ओरडलोही नाही.

यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली. विषय होता लेकरांच्या जीवाचा. पंधराव्या मिनिटाला गाडी घसरली ती थेट अपडाऊनवाल्या मास्तरांवर. शाळेत सात शिक्षक, त्यातले पाच पॅसेंजरनं येतात. पॅसेंजर लेट झाली की परिपाठ दहावीची पोरंच उरकतात आणि पहिला तास बुडतो. हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण बैठकीत एकानंही एक गोष्ट मोजली नाही, ती मी घरी येऊन मोजली. पट १४२. त्यातली ५८ पोरं आजूबाजूच्या तीन ठेसनांवरून त्याच पॅसेंजरनं येतात. म्हणजे आमची शाळा गावाच्या जीवावर नाही, लाइनीच्या जीवावर चालायलीय.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवीपासून पुढच्या शाळा उघडल्या, पण तेव्हा आमची पॅसेंजर होती कुठं? आणि परत आली ती 'स्पेशल' होऊन. दहा रुपयांचं कमीत कमी तिकीट तीस झालं. जाऊन-येऊन साठ रुपये. ज्याच्या घरी रोजची मजुरी अडीचशे, तो पोरीला साठ रुपयांचं तिकीट काढून दहावी शिकवंल का? आधी तिकीट कुणी काढत होतं का, असं विचारू नका. ते गुलदस्त्यातच बरं. तर त्या दोन वर्षांत लाइनीवरच्या पोरांनी टीसी काढले, पट घसरला, संच मान्यतेत (पटावरून मास्तरांची पदं ठरतात ती) एक पद उडालं. उडालं ते गणिताचं. तेव्हापासून गणित विज्ञानाच्याच सरांकडं आहे.

गाडी तुटली की पट तुटतो आणि पट तुटला की मास्तर जातो. मास्तर गावात राहतो का जालन्यात, हा प्रश्न त्याच्यानंतरचा. मला विचारायचंय ते हे, की ज्यांच्या गावात अशीच ठेसन-शाळेची जोडी आहे त्यांनी काय केलं? पॅसेंजर वीस मिनिटं आधी आणता येते का? रूळ ओलांडायचं काय? आणि कृपा करून 'पोरांना समज द्या' असं लिहू नका. समज आम्ही रोज देतो.

फाटकावरचा

भाऊ सगळं लिहिलंस पण मुद्द्यावरून कामून पळायलास? घरभाडं भत्ता मुख्यालयी राहायचा उचलायचा आणि राहायचं शहरात. मास्तर गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव घ्यायला आले की सरपंच सही ठोकून मोकळा. आमच्या लहानपणी गुरुजी गावात राहायचे, रात्री कंदिलावर आमचा अभ्यास घ्यायचे. पाढा चुकला तर सकाळी बापाला आमच्याआधी ठाऊक असायचं.

गोदाकाठ

झालं सुरू. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात हाच विषय काढला, मग शिक्षकांचे मोर्चे निघाले, सगळं झालं. निष्पन्न काय? गाडी आजही तेवढीच लेट आहे.

अपडाऊनवाली_बाई

मी त्या पाचांसारखीच एक. शाळा वेगळी, लाइन तीच. एकदाच सविस्तर लिहिते, नंतर भांडणात पडणार नाही.

नोकरी लागली तेव्हा चार वर्षं गावातच राहिले. खोली होती, संडास नव्हता. डबा घेऊन पहाटे बाकीच्या बायांबरोबर बाहेर जायचे आणि दहा वाजता त्याच बायांच्या पोरांना आरोग्यशास्त्र शिकवायचे. मूल झाल्यावर जालन्याला गेले. त्यात अपराध वाटावा असं मला काही दिसत नाही. मिस्टरांची नोकरी तिकडं, सासूबाईंचा दवाखाना तिकडं.

पण फाटकावरचा भाऊंचं एक मान्य. सकाळच्या उशिराचा गाजावाजा होतो, खरी चोरी संध्याकाळी होते. परतीची गाडी चार पन्नासला. शाळा सुटते पाचला. त्यानंतरची गाडी रात्रीची. म्हणून शेवटचा तास चार पस्तीसलाच गुंडाळला जातो, आणि वेळापत्रकात तो तास नेमका कार्यानुभवाचा, नाही तर खेळाचा टाकलेला असतो. कागदावर काही बुडत नाही. पोरांचं खेळणं मात्र वर्षानुवर्षं बुडालंय. आणि हे फक्त आमच्यासाठी नाही हो. लाइनीवरच्या मुलींनाही तीच गाडी धरायची असते. दहावीचे जादा तास मी दोनदा सुरू केले, दोन्ही वेळेला मुलींच्या आयांनी बंद पाडले. रात्रीच्या गाडीनं पोरगी आणायची तर ठेसनावर दिवा तरी हवा ना.

तुमच्या पटाच्या हिशेबाला माझा दुजोरा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर संच मान्यतेचे निकष आणखी आवळलेत. पाच-सात पोरं इकडची तिकडं झाली की पद जातंय.

फाटकावरचा

बाई तुमचं पटलं. पण सगळे तुमच्यासारखं लिहीत नाहीत ना. आमच्याकडं एक सर होते, गाडी वेळेवर आली तरी ठेसनावरच्या वडाखाली पेपर पुरता वाचूनच शाळेत यायचे.

निवृत्त_गार्ड

चौतीस वर्षं गाडीच्या मागच्या डब्यात काढली. मीटरगेजवर सुरुवात केली, ब्रॉडगेजवर सेवानिवृत्त झालो. क्रमानं सांगतो.

ही लाइन निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे गेली. आखणी झाली ती कापसाचा माल आणि चढ-उतार बघून. गावं रुळाला जिथं सापडली तिथं सापडली. म्हणून तर मानवत एका जागी आणि मानवत रोड दुसऱ्या जागी. ठेसनाच्या नावाला 'रोड' लागलं की समजायचं, उतरल्यावर अजून प्रवास शिल्लक आहे. तुमची शाळा पलीकडे गायरानात गेली ती फार नंतर. तेव्हा दिवसात मोजून चार-दोन गाड्या होत्या, रूळ ओलांडण्याचा कुणी विचारच केला नसणार.

आता पॅसेंजरचं. एकेरी लाइनवर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त लूप असलेल्या ठेसनातच एकमेकींना ओलांडतात. एक्स्प्रेसचा मान मोठा, तिला सरळ काढतात. पॅसेंजरला साइडला टाकतात. तुम्ही म्हणता वीस मिनिटं आधी आणा. मग तिचं क्रॉसिंग मागच्या ठेसनात पडेल, तिथली एक्स्प्रेस खोळंबेल, ती मनमाडजवळच्या अंकाईला उशिरा पोचेल, पुढे मध्य रेल्वेची हद्द, ते तिला त्यांच्या सवडीनं घेणार. नांदेड विभाग मनात आणील तरी एकट्याच्या हातात सगळं नाही. अशक्य आहे असं म्हणत नाही. पण वेळापत्रक नवं बनत असताना, आधी काही महिने, रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीच्या सदस्यामार्फत मागणी गेली तरच ती कुणी टेबलावर घेतं. ऐन जूनमध्ये रेल रोको करून गाडीची वेळ हलत नाही.

आणि मालगाडीखालून जाण्याचं. हात जोडून सांगतो. लूप साधारण ६८६ मीटरचा. मालगाडी जवळपास तेवढी भरते. मागून गार्डाला मधल्या डब्याखालचं पोर दिसत नाही, ड्रायव्हरला तर नाहीच. सिग्नल पिवळा झाला की तो शिट्टी देतो आणि ब्रेक सोडतो. जुन्या डिझेल इंजिनाचा धडधडाट तरी ऐकू यायचा, आता विजेचं इंजिन कधी ओढ घेतं ते पाऊण किलोमीटर मागं उभ्या पोराला कळत नाही. आधी साखळीसारखा खडखड आवाज डब्याडब्यातून मागं येतो. तो आवाज तुमच्यापाशी आला म्हणजे डबा हलला.

कापूसकोंडा

काका, आमच्या गावची पोरं हुशार आहेत, रुळाला कान लावून सांगतात गाडी कुठवर आली ते 😀

गोदाकाठ

८ मे २०२० ला करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याहून चालत निघालेले, मध्य प्रदेशातले. गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळावर झोपले होते. पॅसेंजर बंद होत्या, मालगाड्या चालूच होत्या. कान-बिन जाऊ द्या.

कापूसकोंडा

चूक झाली. स्मायली काढता येत नाही इथं.

रोडकरीण

हा धागा वाचून राहवलं नाही. मी लाइनीवरची पोरगी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. एसटी होती, पण पाऊस लागला की काळ्या मातीत रस्ताच गायब व्हायचा, ड्रायव्हर फाट्यावरूनच गाडी वळवायचा. वडील म्हणाले, गाडी आहे तोवर शाळा. गाडी म्हणजे मीटरगेजची पॅसेंजर. कोळशाची कणी डोळ्यात जायची म्हणून आम्ही पोरी इंजिनाकडं पाठ करून बसायचो. इतिहासाच्या सनावळ्या मी गाडीतच पाठ केल्या. एक ठेसन, एक धडा. दूधवाले किटल्या घेऊन चढायचे, आमच्या भूमितीच्या वह्यांना दुधाचा वास असायचा.

आमच्या ठेसनाचा फलाट रुळाच्याच पातळीवर होता. डब्याची पहिली पायरी कमरेला लागायची. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात परकर, दप्तर दातात म्हणा हवं तर. माझ्या पुढची एक जण त्या पायरीवरून पडली, फार काही झालं नाही, गुडघे सोलले. पण तिचं शिक्षण त्या दिवशी थांबलं. घरच्यांना निमित्तच हवं होतं. आमच्या सातजणींतल्या दोघी दहावी झालो. मी आज संभाजीनगरला नर्स आहे. गावाकडं जाते तेव्हा मुद्दाम पॅसेंजरनं जाते, आणि फलाट अजून तेवढाच खाली आहे.

तर काळीमाती भाऊ, तुमच्या त्या ५८ मधल्या पोरी किती, ते एकदा मोजाल का?

काळीमाती

मोजल्या ताई. ३७. मुलांच्या हातात आता मोटारसायकली आल्यात, वय असो नसो. पॅसेंजर ही खरं तर पोरींचीच गाडी उरलीय.

पासवाला

सगळे ५८ तिकीट काढतात का पास? विचारायचं कारण असं की शाळकरी पोरांना रेल्वेचा मासिक पास फुकट मिळतो. मुलांना बारावीपर्यंत, मुलींना पदवीपर्यंत. सेकंड क्लास, घराजवळच्या ठेसनापासून शाळेजवळच्या ठेसनापर्यंत. शाळेचा दाखला लागतो. योजना जुनी आहे, आणि आमच्याकडं पन्नास पालकांना विचारलं तर पन्नास जण मानेनंच नाही म्हणतील.

फाटकावरचा

फुकट? रेल्वे? काहीही. एसटीचा पोरींना फुकट आहे ते माहीत आहे, अहिल्याबाई होळकर योजना, पाचवी ते बारावी. माझ्याच पुतणीचा आहे. मानव विकासची निळी बस पण येते. रेल्वेचं पहिल्यांदाच ऐकायलो.

निवृत्त_गार्ड

पासवाला बरोबर सांगताहेत. अडचण एवढीच की लहान ठेसनावर स्टेशन मास्तरच सिग्नल बघतो, तोच तिकीट देतो. महिन्यातून एखादाही असा पास निघत नसेल तर त्यालाही फॉर्म शोधावा लागेल. हुज्जत घालू नका. मुख्याध्यापकांचं पत्र, शिक्का, पोरांची यादी असं एकत्र घेऊन मोठ्या ठेसनाच्या खिडकीवर जा.

पास काढण्यात दुसराही फायदा आहे. बिनतिकीट पोरं रेल्वेच्या हिशेबात नसतातच. तुमच्या ठेसनावर तिकीटविक्री किती, यावरून थांबा ठेवायचा की उडवायचा ते वर ठरतं. पास निघाला की कागदावर माणूस दिसतो. कोविडनंतर ज्या लहान ठेसनांचे थांबे गेले, त्यातल्या कित्येक ठिकाणी गर्दी होती, विक्री नव्हती.

अपडाऊनवाली_बाई

हे मला पंधरा वर्षं अपडाऊन करून माहीत नव्हतं. लाज वाटली. स्वतःचा पास दर महिन्याला त्याच खिडकीवर काढते.

काळीमाती

आणि मला वाटायचं दहाचे तीस झाले म्हणून पोरी गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडं परत दहावर आलं, तरी त्यातल्या कुणी परत आल्या नाहीत. स्पेशल गाड्यांत त्या वेळी पास चालतच नव्हते हे खरं, पण त्याच्या आधीही कुणी पास काढला नव्हता. मुख्याध्यापकांशी बोलतो. रूळ ओलांडायचं कुणीच काही लिहिलं नाही अजून.

कापूसकोंडा

भुयारी मार्ग मागू नका एवढंच सांगतो. आमच्याकडं फाटक बंद करून बोगदा दिला. जून ते दिवाळी त्यात म्हशी बसतात. काळ्या रानात पाणी जिरतच नाही, पंप बसवलाय तो उद्घाटनाच्या दिवशी चालला. पोरं पुन्हा वरून रुळावरूनच जायलीत.

निवृत्त_गार्ड

पादचारी पूल मागा, आणि आत्ता मागा. ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणाला मंजुरी दिली, १७७ किलोमीटर. परभणी-मुदखेड आधीच दुहेरी झालंय. तुमच्या ठेसनात आणखी एक रूळ येणार, म्हणजे यार्डाचा नकाशा नव्यानं काढला जाणार. नकाशात पूल असला तर तो गुत्तेदाराच्या कामात येतो. नकाशा पक्का झाल्यावर मागितला तर तुमचा नातू दहावी होईपर्यंत पत्रव्यवहार चालेल. दुहेरी झाल्यावर क्रॉसिंगसाठी मालगाडी ताटकळणं कमी होईल, पॅसेंजरही वेळेवर येईल, पण दोन्ही बाजूंनी वेगात गाड्या येतील. आज पोर एका बाजूला बघून पळतं.

अर्जात पोरं रूळ ओलांडतात एवढंच लिहू नका. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ चा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारकून तेवढंच वाचून उत्तर लिहील की पोरांना आवरा. लिहा की गाव एका बाजूला, सरकारी शाळा दुसऱ्या बाजूला, पट इतका, फाटकाचा वळसा इतका.

फाटकावरचा

ग्रामसभेचा ठराव मी करून आणतो. सरपंच आपलाच आहे, घरभाड्याच्या ठरावावर सही करतो तशी यावर पण करंल.

काळीमाती

आठ दिवसांनी लिहायलोय. मुख्याध्यापक भेटले. पासचं ऐकून आधी हसले, मग कपाटातून शिक्का काढला. पहिल्या खेपेला २३ दाखले दिले. मोठ्या ठेसनाच्या खिडकीवर एक दिवस परत पाठवलं, आधार कार्डाच्या झेरॉक्स हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी पास निघाले. उरलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरात नाव वेगवेगळं आहे, ते निस्तरायला लागंल.

घंटा पावणेअकराला करायचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत काढला. सर म्हणाले, वरून परवानगी लागते, तोंडी काही करणार नाही. रास्त आहे. पण शेवटच्या तासाला खेळ होता तो दुसऱ्या तासावर घेतला. गणिताच्या पदाचं कुणी काही बोललं नाही.

पुलाचा अर्ज बाईंनी लिहून दिलाय, आभार. काका, त्यात 'पादचारी पूल' लिहायचं का 'एफओबी'?

निवृत्त_गार्ड

दोन्ही लिहा. आणि जागा सांगताना किलोमीटर नंबर टाका, विजेच्या खांबावर पाटी असते. गावाचं नाव वाचून त्या कार्यालयात कुणाला काही कळत नाही, खांबाचा नंबर वाचला की साहेब नकाशा उघडतो.

काळीमाती

लेकीला सांगितलंय, उद्या जाताना वाचून ये. अलीकडच्या बाजूनंच.